छपराखालचं गवत

होनवाडी, देगलूरजवळ
३ डिसेंबर २०२३

सुगत,

जयभीम. तुझी खुशाली विचारत नाही आणि आमची सांगत नाही. आधी रागाचं लिहिते. कागदावर जागा उरली तर खुशालीचं बघू.

फोनच करणार होते. पण फोनवर तू "हां आत्या, हां आत्या" करतोस आणि मीटिंग आहे म्हणून कापून टाकतोस. कागद असा मधेच कापता येत नाही. तू पहिलीत होतास तेव्हा तुझ्याच अंकलिपीवर बोट फिरवून मी अक्षरं शिकले. ती अक्षरं आज तुझ्यावरच चालवायची वेळ आणलीस.

काल समाजमंदिरात चारा समितीचे साहेब आले होते. यंदा ऑगस्ट सगळा कोरडा गेला हे तुला बंगळुरात कुणी सांगितलं असेल-नसेल. माळावरचं गवत वीतभर झालं आणि तिथंच पिवळं पडलं. आम्ही सगळ्यांनी मिळून चारा डेपो मागितला होता. साहेबांनी फाईल उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "तुमच्या पट्ट्यात डेपो बसत नाही. तुमच्या माळावर पाऊस निम्म्यावर आला तरी गवत फारसं घटत नाही. तसा अभ्यास झालाय."

मी म्हटलं, "कोणी केला असला अभ्यास?"

साहेब हसले. "काय बाई, तुमच्याच वाडीचा पोरगा की! सुगत नरसिंग सोनकांबळे."

सुगत, सगळं समाजमंदिर माझ्याकडं वळलं. का वळणार नाही? त्या दोन पावसाळ्यांत माळावर तू बांबूची छपरं उभी केलीस, वर काचेसारखं प्लास्टिक ताणलंस. मला जवळ बसवून सांगितलंस, "आत्या, पुढच्या काळात पाऊस असाच लहरी होणार. कधी एकदम कोसळेल, कधी महिना-महिना तोंड दाखवणार नाही. तेव्हा आपल्या माळाच्या गवताचं काय होईल ते आजच कळायला पाहिजे. म्हणून थोड्या गवतावरचा पाऊस अडवायचा, शेजारचं उघडं ठेवायचं, दोन्ही कापून तोलायचं. मग कॉम्प्युटरात गणित मांडायचं. इकडून पाऊस भरला की तिकडून गवत किती ते निघतं." त्या गणिताला तू मॉडेल म्हणालास. मला ते पटलं होतं. अजून पटतं. म्हणून तर जीव जळतो.

मीच दारोदार फिरून सांगितलं, पोराच्या तारेत जनावर शिरू देऊ नका, त्याच्या गवताला जपा. पार्वतीबाईच्या वगारीनं एकदा तोंड घातलं तर मी तिला भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. बिचारीनं ऐकून घेतलं. काल तीच उठून म्हणाली, "सुमनबाई, भाच्याला तुमच्या म्हनावं, म्हशीपुढं आता कॉम्प्युटरातलं गवत टाकूलालाव. खाईना झालीय, काय करावं?"

लोक हसले. हसू दे. पण ती येत्या बाजारात म्हैस काढणार आहे. देगलूरला यंदा जनावराला कोण विचारतं? ज्याच्याकडं कडबा आहे तो पडेल भावात घेतो, नाहीतर खाटीक घेतो.

तू कोणतं गवत मोजलंस रे? आमच्या माळावरचं तर नक्कीच नाही. ताबडतोब लिही.

आत्या


होनवाडी
१९ डिसेंबर

सुगत,

तुझं टाईप केलेलं उत्तर मिळालं. "आदरणीय आत्या." मी कधीपासून आदरणीय झाले? सर्दीत तुझं नाक माझ्या पदरानं पुसलंय मी. आदरणीय म्हटलं की माणूस चार हात लांब बसतं, तेच तुला पाहिजे असेल.

लिहितोस की पुन्हा तपासलं, आकडे बरोबर आहेत. लिहितोस की छपराखालचं गवत उघड्या गवताच्या जवळपास वाढलं, तेव्हा या माळावरच्या गवताची मुळं खोल असावीत. वर लिहितोस, समितीनं अहवाल कसा वापरला याला मी जबाबदार नाही. हे वाक्य लिहिताना तुझी बोटं कशी थांबली नाहीत? वाडीचं नाव घालून कागद दिलास. तो कागद ज्यांच्या दावणीवर पडला त्यांचं काय?

पण हे आता बाजूला राहू दे. तुझं पत्र वाचताना जे घडलं ते ऐक.

ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. पोस्टमन गेला तशी तुझी आई हळूच येऊन सूप घेऊन बसली. तुला ग्रामसेवकाची ऑर्डर आली होती, ती सोडून तू गवतामागं गेलास. पुढच्याच वर्षी नरसिंगदादा गेला. तेव्हापासून महामायानं तुझं नाव घेतलेलं नाही. छपरं बांधायला आलास तेव्हाही तू माझ्याकडं जेवलास, माझ्याकडं निजलास, आणि ती आपल्या दोन घरांमधल्या भिंतीपलीकडं भांडी आपटत राहिली. पण पत्र आलं की बरोबर हजर!

म्हणाली, "वाचा वन्सं, मोठ्यानं वाचा. मला त्याचं काय पडलेलं न्हाई. पर वाचा."

वाचलं. छपराखालचं गवतही तितकंच वाढलं, इथवर आले तर ही खुदकन हसली. हसू कसलं, गालच फुलले. म्हणाली, "न वाढायला काय झालं? पानी काय कमी घातलं का त्याला?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. "कोणी घातलं?"

"कोनी म्हंजे? म्या."

"कवा?"

"त्यो बंगळूरला गेला की. सकाळच्या पारी बोअरवरून कळशी भरायची अन् माळावर जायाचं. प्लास्टिकखाली वाकून वाकून कंबर गेली माजी."

"अगं पण कामून?"

तर माझ्यावरच डोळे काढले. "कामून काय इचारता? शेजारचं गवत हिरवंगार अन् माझ्या लेकराचं तेवढं वाळूलालं, समद्या गावाच्या डोळ्यांदेखत! सरकारी नोकरी सोडून आला ह्या गवतासाठी. तेबी मेलं असतं तर लोकांनी तोंडात शेण घातलं असतं त्याच्या. बोलत न्हाई म्हनून काय त्याचं गवत तहानेनं मारू?"

सुगत, मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. मग मी तिला समजावलं. ते गवत तहानलेलं ठेवायचंच होतं, तेच तुला बघायचं होतं, तिच्या पाण्यामुळं तुझं गणित चुकलं, आणि त्या चुकलेल्या गणितावर डेपो नाकारला. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. शेवटी माझा हात घट्ट धरला. "वन्सं, लिवू नका त्याला. पाया पडते. डिग्री जाईल त्याची. पैल्यांदा काय तरी धड झालंय त्याचं."

तरी मी लिहिते आहे. तुझं मॉडेल खोटं नाही, तुझा तराजू खोटा नाही. पण जो पाऊस अडवला असं तू समजलास तो अडलाच नाही. आईनं तो कळशीनं आत घातला. आता वेळ घालवू नकोस. समितीला कळव की आकडा चुकला. एका ओळीचं काम आहे.

आत्या


होनवाडी
४ जानेवारी २०२४

सुगत,

पत्राला पत्रानं उत्तर द्यायचं धाडस झालं नाही म्हणून फोन केलास. ठीक. फोनवर अर्धंच बोलले, उरलेलं आता कागदावर.

काय म्हणालास? "आत्या, उन्हाळ्यापर्यंत कुणाला बोलू नको. तोंडी परीक्षा झाली की मी सगळं निस्तरतो." उन्हाळ्यापर्यंत! अरे उन्हाळ्यापर्यंत वाडीत दावणी राहतील, जनावरं राहणार नाहीत. पार्वतीबाईची म्हैस गेली. वगार पण पाठोपाठ गेली. बाजारातून आली ती गोठा झाडत बसली. रिकामा गोठा झाडत होती, सुगत.

वर म्हणतोस, "आईचं नाव कशाला मधे आणायचं?" वा रे वा! तिचं नाव जपायचं म्हणून तू गप्प बसतोस होय? पाच वर्षांत तिला एक फोन केला नाहीस. आता बरा तिच्या पदरामागं लपतोस!

आणि ते दुसरं. मी तुला सरळच विचारलं, छपराखाली ओल दिसली नव्हती का? तू म्हणालास, "दिसली होती. वाटलं, शेजारच्या उघड्या जमिनीतून झिरपली असेल. ओल मोजायच्या तारा रानडुकरांनी उपसल्या होत्या, मग गणितात अंदाजानं भरली." सुगत, झिरपलेल्या ओलीत बाईमाणसाच्या पावलांचे ठसे उमटत नाहीत. तिथं चिखल झाला होता. कळशी टेकवल्याचे गोल वळ असतील. एवढा शिकलेला तू, खाली वाकून गवताचं एकेक पातं तोलणारा, आणि वाडीत येऊन एका माणसाला विचारलं नाहीस, की बाबांनो, इथं कोण येतं? विचारणार कसा? विचारलं असतं तर आईच्या दारात जावं लागलं असतं.

तिनं चूक केली ती मायेनं केली, आणि तिला माहीत नव्हतं. तुला आता माहीत आहे.

तुझ्या आईनं माझ्याशी बोलणं टाकलंय. काल भिंतीपलीकडून ऐकवलं, "लोकाच्या लेकराच्या भाकरीत माती कालवायची काहींना सवयच हाय." लोकाचं लेकरू! तू माझ्याही कडेवर वाढलास ना? मला एक लेकरू झालं असतं तर त्याच्यापेक्षा तुझं जास्त केलं असतं का, विचार तिला. मला तुझी डिग्री नको आहे का? तुझ्या नावापुढं डॉक्टर लागलेलं बघायला मी एवढी जगलेय. पण वाडीच्या जनावरांच्या पोटावर पाय देऊन लागलेलं नको.

साहेब पुढच्या पंधरवड्यात पाहणीला यायचे आहेत. तोवर तुझा कागद आला तर बरं. नाहीतर मी तोंड उघडणार. धमकी समज हवी तर.

आत्या


होनवाडी
२१ जानेवारी

सुगत,

तुझा कागद आला नाही. साहेब आले.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, माझी बढाई मारत नाही, कारण मारायला काही नाही. मी मनाशी वाक्यं जुळवून गेले होते. उठले, "साहेब" म्हटलं, आणि समोर खांबाला टेकून बसलेली महामाया दिसली. तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. वाक्यं कुठं गेली पत्ता नाही. मी उभी, साहेब बघतायत, लोक बघतायत. साहेब म्हणाले, "बोला बाई, काय ते. मला पुढं दोन गावं करायची आहेत."

आणि ती उठली. पदर खोचला, आणि जणू कोणावर तरी चालून जावं तशी पुढं गेली. "त्या काय बोलणार? म्या बोलते. छपराच्या गवताला पानी म्या घातलं. दोन पावसाळे. त्याच्या आकड्यात काय खोट आसंल तर ती माजी हाय. पोराला काय बोलायचं न्हाई."

साहेबांना काही कळेना. मी समजावून सांगू लागले, तोवर मागून पार्वतीबाई ओरडली, "एकलीनं घातलं म्हनून काय सांगूलालीस? तुला ताप आला तवा कोन घालत होतं? म्या की!"

"दोन-चार दिस घातलं असशील."

"दोन-चार? माझी कळशी मोठी हाय तुज्यापरीस!"

मग व्यंकटीनं मागून हळूच हात वर केला. बैलगाडीवरून पाण्याची टाकी नेताना त्यानंही एकदोनदा नळी सोडली होती म्हणे. "सुमनबाईच सांगत फिरूलाल्या होत्या की, पोराच्या गवताला जपा म्हनून," असं वर मलाच ऐकवलं! जनावर येऊ देऊ नका एवढंच मला म्हणायचं होतं. पण वाडीनं जपायचं म्हणजे काय ते आपल्या परीनं ठरवलं. जिनं पाणी घातलं तिचीच म्हैस त्या पाण्यानं गेली, आणि ती तिथं उभी राहून माझी कळशी मोठी म्हणून भांडत होती. कशावर राग काढू मी? सांग.

साहेबांनी पेन खाली ठेवला. पहिल्यांदा माणसासारखे बोलले. "बाई, तुमचं सगळं खरं धरलं तरी माझ्या फाईलीत तोंडी चालत नाही. ज्यानं आकडा दिला त्यानंच तो मागं घेतला पाहिजे. त्याचा कागद आणा, महिन्यात डेपो लावून घेतो."

म्हणजे आमच्या हातात काही नाही. तुझ्या हातात आहे. वाडीपुढं उभं राहून तुझ्या आईनं तुझ्यावरचं सगळं स्वतःवर घेतलं. तू एक कागद लिहायचास.

परतताना ती माझ्या बाजूनं चालत होती. दारापाशी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

आत्या


होनवाडी
१८ फेब्रुवारी

सुगत,

डेपो लागला. काल पहिला ट्रक आला. कडबा जुना आहे, पण आहे. उरलेली जनावरं वाचतील. तुझी तोंडी परीक्षा लांबली, कदाचित सगळं पुन्हा करावं लागेल, हेही साहेबांकडून कळलं. तू लिहिलंस, त्यासाठी काय मोजलंस ते मला समजतं. त्याबद्दल तुझ्या डोक्यावरून हात फिरवते. आता ऐक, कारण राग अजून संपलेला नाही.

तुझा कागद साहेबांनी समाजमंदिरात वाचून दाखवला. सगळी वाडी बसली होती. तुझी आई पुढं बसली होती, नवं लुगडं नेसून. लेकराचा कागद वाचणार होते ना. आणि त्यात काय होतं? "स्थानिक रहिवाशांनी अज्ञानातून केलेल्या हस्तक्षेपामुळे छपराखालच्या सर्व नोंदी निकामी ठरतात."

तिनं शेजारच्या पोरीला विचारलं, "निकामी म्हंजे?"

पोरगी म्हणाली, "वाया गेलं, आजी."

महामाया मला म्हणाली, "खरंच लिवलंय की त्यानं. अडाणीच हाव आमी." आणि उठून घरी गेली. लुगडं घडी करून ठेवलं. तेव्हापासून माळाकडच्या बोअरवर पाणी आणायलासुद्धा जात नाही, खालच्या आडावरून आणते, लांब पडतं तरी.

अज्ञान! तुला इतके शब्द येतात, त्यातला हाच सापडला? तिला माहीत नव्हतं, खरंय. कारण तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तू माझ्या ओसरीवर बसून मला सांगितलंस. भिंतीपलीकडं सांगायला गेला नाहीस. मग अज्ञान कोणाचं लिहायचं? आणि "स्थानिक रहिवासी" म्हणजे कोण रे? तिला नाव आहे. पार्वतीबाईला नाव आहे.

आणि निकामी तर मुळीच म्हणू नकोस. तूच सांगितलं होतंस, इकडून पाऊस भरला की तिकडून गवत निघतं. मग पाऊस नीट भर. आभाळातून काय पडलं ते तू लिहिलंसच आहे. कळशीतून काय पडलं ते लिही. तिच्या कळशीचं पाणीही गवतानं पाऊसच समजून पिलं ना? तुझ्या कॉम्प्युटरानंही ते पाऊस म्हणून धरावं. मग तुझं गणित मोडणार नाही, उलट थोडक्या पाण्यावर आपलं गवत कसं तगतं ते कळेल. हे होतं की नाही मला माहीत नाही. होत नसेल तर येऊन सांग का होत नाही. पण बसल्या जागेवरून निकामी लिहून मोकळा होऊ नकोस.

किती पाणी घातलं, कधी घातलं, पाऊस चार दिवस लांबला की जास्त घालायची का, ताप आला तेव्हा कोणत्या बाजूचं राहून गेलं, हे सगळं तिच्या डोक्यात आहे. मी काल विचारून बघितलं. तुझ्यासाठी लिहून पाठवावं म्हणून वही घेऊन बसलेही.

ती चुलीतला जाळ सारखा करत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमाला न्हाई सांगणार. ज्याचं गवत हाय त्यानं माझ्यापुढं बसून इचारावं."

आत्या